पाचशे सीसी आणि पाखऱ्या

घाट संपला, खोपोलीतल्या पहिल्या इमारती दिसल्या आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हुश्श केलं. इतक्या मोठ्यानं, की काचेवर वाफ धरली आणि पुढचा टेंपो क्षणभर दिसेनासा झाला. साताऱ्याहून पहाटे निघाल्यापासून माझ्या डोक्यात एकच धास्ती होती, ती म्हणजे बोरघाट. माझी उंची जेमतेम पाच फूट, वय त्रेपन्न, आणि गाडी माझ्या साडेतीनपट वजनाची. उतारावर ती आडवी झाली तर उचलणार कोण, हा प्रश्न मी लोणावळ्यापर्यंत स्वतःला विचारत आले होते. ती आडवी झाली नाही. झालं एवढंच, की शिंग्रोबाच्या देवळापाशी मी थांबले. घाटाची वाट दाखवणाऱ्या या धनगराला येणारे-जाणारे चालत्या गाडीतून नाणं भिरकावतात. मला हातमोज्यांतून नाणं पकडताच येईना. मग उतरून, मोजे काढून, रीतसर ठेवलं. म्हटलं, बाबा रे, मला नको काही, हिला तेवढी उभी ठेव.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं मी काउंटरच्या आत उभी आहे, आणि या तीस वर्षांत हळू आवाजात बोलायची सवय लागली आहे. गिऱ्हाईक कानाशी येऊन आजार सांगतं, मग आपणही कुजबुजतच विचारतो, ‘किती दिवस होतंय?’ घरी आलं तरी आवाज चढत नाही. नवरा, अशोक, म्हणतो की तू भांडतेस तेही प्रिस्क्रिप्शन वाचल्यासारखं. असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर पाचशे सीसीची बुलेट घेतो, तेव्हा लोकांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. मला विचाराल तर मला खूप आधीच घ्यायला हवी होती.

घेतली तेव्हा माझे पायच जमिनीला लागेनात. सीट शिवणाऱ्या कारागिराकडे गेले तर तो म्हणाला, ‘ताई, लोक फोम वाढवून घेतात, तुम्ही काढायला सांगताय?’ म्हटलं, आधी पाय टेकू देत, मग गादीचं बघू. त्यानं दोन इंच फोम कापला. मी बसले, दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या, आणि मला खरंच रडू आलं. मग नादच लागला. हँडल इंचभर उंच करून घेतलं. मंडपवाल्याकडून जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून डावी-उजवीकडे बांधल्या. टाकी रंगवायची तेव्हा रंगाऱ्याला माझ्या इरकलीचा तुकडा नेऊन दिला. ‘हा हिरवा. आणि खाली हा काठ.’ त्यानं तो लाल काठ टाकीवर असा ओढलाय की बायका सिग्नलला गाडीपेक्षा काठ आधी बघतात.

आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर. तो मी पुण्याहून मागवला. त्याचा आवाज असा, की पोटात ढोल वाजावा. काय सांगू, पहिल्यांदा सुरू केली तेव्हा मला वाटलं, तीस वर्षांचं कुजबुजणं एका दमात बाहेर पडलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना तसं वाटलं नाही. त्यांनी नोटीस लावली, त्यात माझं नाव नव्हतं पण ‘काही महिला सदस्य’ असं होतं. आमच्या सोसायटीत ‘काही’ म्हणजे मी एकटीच. तडजोड म्हणून मेकॅनिकनं एक लोखंडी पुंगळी दिली. ती सायलेन्सरच्या तोंडात सरकवून एका स्क्रूनं आवळायची, की आवाज निम्म्याहून खाली. गावात पुंगळी आत, गावाबाहेर पुंगळी पिशवीत. माझा हा नियम मी इमानदारीत पाळते.

तर खोपोलीत उतरून भजी-पाव खाल्ला, दोन चहा झाले, घाटाची धास्ती विरघळली. मला जायचं होतं कर्जतला, मैत्रीण सुलभाकडे. ती तिथल्या जुन्या घरातली, शाळेत गणित शिकवते. खोपोलीहून कर्जतला जाणारा रस्ता पळसदरीवरून जातो. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, मधे भात कापून रिकामी झालेली खाचरं, आणि भाताच्या ओलीवर पेरलेला वाल. जानेवारीतलं ऊन, गार वारा, आणि खाली पोटात वाजणारा ढोल. एकूण आयुष्यात त्या अर्ध्या तासाइतकी हलकी मी क्वचितच झाले असेन.

एका लहानशा गावात वळणावर आंब्याखाली थांबले, पाणी प्यायला. पारावर टोपीवाले एक आजोबा बसले होते. त्यांनी गाडी बघितली, मला बघितलं, पुन्हा गाडी बघितली.

‘काय गं बाय, ही तुजीच का?’

‘माझीच.’

‘तुला पेलते?’

‘मला नाही पेलत आजोबा. तीच मला पेलते.’

ते खूश होऊन हसले. ‘जरा चालू करून दाखव बघू.’

आता गाडीवाल्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य जगात नाही. मी सुरू केली आणि हौसेनं दोनदा-तीनदा मूठ पिळली. रस्त्यापलीकडे गोठ्यासमोर एक पांढरा बैल खुंट्याला बांधलेला होता, खांद्यावर काळपट झाक आणि गळ्यात घंटा असलेला. त्यानं कान टवकारले, मान वर केली आणि असा हंबरला की मी दचकले. दाव्याला हिसके देऊ लागला.

‘भ्याला बघ,’ आजोबा म्हणाले.

मी हात जोडून बैलाची माफी मागितली, आजोबांना टाटा केला आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. ते बघायला हवं होतं.

पुढे दोन-अडीच किलोमीटरवर धरणाकडे जाणारा कच्चा रस्ता फुटतो. कर्जत जवळ आलं म्हणून पुंगळी बसवायला मी त्या रस्त्यानं आत पाण्यापर्यंत गेले. सायलेन्सर तापलेला, हात लावायची सोय नाही. मग करवंदीच्या जाळीशेजारी गाडी लावून बसले. आडवार होता, चिटपाखरू नव्हतं. बरोबर आणलेलं थालीपीठ खाल्लं, पाण्यात खडे टाकले. लोखंड निवल्यावर ॲलन कीनं पुंगळी आवळली आणि गुपचूप कर्जतला गेले. सुलभाच्या दारात पोचले तरी तिला कळलं नाही. तिनं वालाचं बिरडं केलं होतं आणि तांदळाची भाकरी. मी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरळला जाऊन आले. माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ बघायचे होते. रूळ बघितले, पण त्याहून जास्त बघितल्या त्या इमारती. जिथे तिथे क्रेन, आणि प्रत्येक फलकावर डोंगराचं चित्र. त्या फलकामागे खरा डोंगर उभा होता, तो मात्र नीट दिसत नव्हता. दुपारी सुलभाला सांगून निघाले. ठरवलं होतं की खालापूर, चौक असं हिंडून पुन्हा मुक्कामाला यायचं. गाव संपेपर्यंत पुंगळी आत ठेवली आणि मग कंटाळा केला. तशीच शांतपणे पळसदरीच्या रस्त्याला लागले.

आंब्याच्या वळणावर माणसं जमली होती. टोपीवाले आजोबा उठून रस्त्याच्या मधे आले आणि दोन्ही हात आडवे केले.

‘हीच ती! हीच ती बाई!’

मी थांबले. माझ्या दिशेनं एक बाई तरातरा आली. चाळिशीची असेल, पदर कमरेला खोचलेला, पायांना चिखल आणि पिंढऱ्यांवर काटे ओरबाडल्याच्या रेघा.

‘तुमी काल हितं भोंगा वाजवून गेलात? आमचा बैल कालपासनं नाय. खुंटा उपटून गेलाय, जाताना कुणी बघितला नाय. सगळा डोंगर पालथा घातला आमी.’

तिचं नाव वनिता. बैलाचं नाव पाखऱ्या. भ्यायलेलं जनावर रस्त्यापासून लांब पळतं, म्हणून कालपासून गावची पाच-सहा माणसं मागचा डोंगर हुडकत होती. आणि डोंगराच्या पलीकडल्या अंगाला रेल्वेची लाईन. वनितानं त्या लाईनकडे बोट दाखवलं.

‘गाडीखाली गेला तर यांना सांगू काय मी?’

हे म्हणजे तिचा नवरा, नामदेव. रसायनीला कंपनीत पाळीवर जातो, आणि घरची शेतीही करतो. दोन महिन्यांपूर्वी कामावरून येताना मोटारसायकलला कुत्रं आडवं आलं आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून पडवीत खाटेवर. उठता येत नाही, शोधायला जाता येत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणे.

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. मोल असतं, फक्त ते दुसऱ्यानं चुकतं केलेलं असतं.

‘वनिताताई,’ मी म्हटलं, ‘मी शोधायला येते. मागे बसा.’

तिनं माझ्याकडे, मग गाडीकडे रागानं बघितलं. ‘ह्याच्यावर? पुन्यांदा भ्येल त्यो.’

मी पुंगळी दाखवली, आता आवाज होत नाही असं समजावलं. ती बसली, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, माझ्या खांद्याला न धरता. तिचा राग मला पाठीवर कळत होता. आम्ही डोंगराच्या कडेनं बैलगाडीच्या वाटेनं गेलो. लाईनपर्यंत जाऊन आलो. लाईनवर काही नव्हतं. तेवढं एक बरं वाटलं. प्रत्येक ओढ्यापाशी वनिता उतरायची, ओल्या मातीत वाकून खूर बघायची, मान हलवायची, पुन्हा बसायची. एका चढावर मऊ मातीत गाडी कललीच. जिची मला घाटभर भीती होती ती गोष्ट अशी बैलाच्या वाटेवर झाली. दोघींनी मिळून उचलली. वनितानं एका दमात ‘हूं’ करून अशी उचलली की मी नुसती हात लावायलाच होते.

‘भात झोडायची सवय हाय,’ ती म्हणाली. त्यानंतर ती खांद्याला धरून बसू लागली.

चार वाजता रिकाम्या हातांनी परत आलो. गोठ्यात जोडीतला दुसरा बैल वैरण सोडून दाराकडे तोंड करून उभा होता. पडवीत नामदेव खाटेवर उशीला टेकून बसला होता, एक पाय प्लॅस्टरमध्ये. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं वनिताच्या तोंडाकडे बघितलं.

मी पुढे होऊन म्हटलं, ‘दादा, चूक माझी आहे.’

‘चालू करा बघू तुमची गाडी,’ तो म्हणाला.

मी सुरू केली. पुंगळी आत, त्यामुळे आवाज आपला सभ्य, धपधप.

नामदेवनं कपाळाला आठी घातली. ‘ह्याला भ्याला? काय तरी सांगताय. हितनं डंपर जातात रोज. डीजे वाजतो हळदीला. माझा पाखऱ्या ह्याला भिणार नाय.’

‘काल असा नव्हता,’ मी म्हटलं. ‘काल ही पुंगळी नव्हती.’

‘मंग काढा ना ती.’

लोखंड तापलेलं होतं. घाईत बोट लावलं आणि चटका बसला. वनितानं मला बाजूला सारलं, गोणपाटाचं फडकं भिजवून आणलं, सायलेन्सरच्या तोंडाशी गुंडाळलं. चर्र झालं. मी स्क्रू सोडला, तिनं ओढून पुंगळी बाहेर काढली. काल मी याच कामासाठी पाऊण तास बसून होते.

मग मी किक मारली.

ढोल वाजायला लागला. पडवीचा पत्रा थरथरला. नामदेवचा चेहरा एकदम बदलला. त्यानं दोन्ही हातांनी खाटेची बाजू धरली, उठायला बघितलं, वनिता धावली.

‘बंद करू नका!’ तो ओरडला. मग बायकोला म्हणाला, ‘वनिता, आपली गाडी. आपल्याच गाडीचा आवाज हाय गं ह्यो.’

वनितानं तोंडावर हात ठेवला.

गोष्ट साधी होती, आणि इतक्या माणसांत ती कोणालाच सुचली नव्हती. नामदेवकडेही बुलेट. जुनी. तिचा सायलेन्सर आतून कुजून पोकळ झालेला, बदलायचं राहून जात होतं. रोज संध्याकाळी तो रसायनीहून यायचा, आंब्याच्या वळणावर त्या गाडीचा दणका ऐकू यायचा, आणि पाखऱ्या दाव्याला हिसके द्यायला लागायचा. कारण नामदेव डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यासाठी ठेवायचा. लहान वासरू होता तेव्हापासून, एक दिवस न चुकता. डबा गाडीला डावीकडे अडकवलेला असायचा. बैल आधी डब्याला तोंड लावायचा, मग नामदेवच्या खांद्याला. अपघातात तो सायलेन्सर चेपून गेला आणि गाडी चौकातल्या गॅरेजात पडली. दोन महिने वळणावर आवाज नाही.

आणि काल मी आले. पुण्याहून पैसे मोजून मागवलेला माझा लाडका आवाज म्हणजे हुबेहूब एका कुजलेल्या सायलेन्सरचा आवाज होता. एरवी मला राग आला असता. त्या वेळी मात्र मला नामदेवच्या पाया पडावंसं वाटलं.

‘म्हंजे त्यो भिऊन नाय पळाला,’ वनिता हळूहळू म्हणाली. ‘तुमच्या मागं गेला.’

‘मागं!’ नामदेव म्हणाला. ‘आन तुमी डोंगर हुडकताय. काल कुठं कुठं थांबलात ताई?’

‘धरणापाशी,’ मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं. धरण. करवंदीची जाळी. तिथे मी पुंगळी बसवली होती. म्हणजे पाखऱ्याच्या दृष्टीनं आवाज तिथे संपला होता.

वनितानं घरात जाऊन अर्धी भाकरी पदरात बांधून आणली आणि मी न सांगता मागे बसली.

दोन-अडीच किलोमीटर मी हळू चालवली, मुद्दाम आवाज करत. गावातली माणसं घरांतून बाहेर येऊन बघत होती. कच्च्या रस्त्याला वळलो. पाणी दिसलं. मी कालच्याच जागी गाडी उभी केली, मूठ पिळली, सोडली, आणि बंद केली. दोघी ऐकत राहिलो. काही नाही. पलीकडे कुठेतरी टिटवी ओरडत होती.

‘पुन्यांदा,’ वनिता म्हणाली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद.

मग जाळीच्या मागून घंटा वाजली. एकदाच. मग तो हंबरला, कालच्यासारखाच, आणि वनिता अनवाणी धावत सुटली.

दाव्याच्या टोकाला खुंटा तसाच होता. तो करवंदीच्या बुंध्यांत असा अडकून बसला होता की पाखऱ्याला ना पुढे जाता येत होतं, ना मागे. पाणी वीस पावलांवर दिसत होतं आणि तिथपर्यंत दावं पुरत नव्हतं. कालपासून तो तिथे उभा होता. जाळी इतकी दाट, की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला त्याची शेपूटही दिसली नसती. वनिता त्याच्या गळ्यात पडून रडत होती, आणि शिव्या देत होती, आणि मधेच हसत होती. मी खुंटा सोडवला. माझे हात ओरबाडून निघाले, मला ते घरी गेल्यावर कळलं. इतका जीव भांड्यात पडलेला माझा मला आठवत नाही. पोरगा दहावी पास झाला तेव्हाही नाही.

पाखऱ्या आधी पाणी प्यायला. खूप वेळ प्यायला. मग सरळ माझ्या गाडीकडे आला आणि डाव्या बाजूच्या कॅनव्हासच्या पिशवीला तोंड लावलं. पिशवीत माझा चटणीचा डबा होता. तो हुंगून त्यानं जोरानं फुरफुर केलं. वनितानं पदराची गाठ सोडली, अर्धी भाकरी पिशवीवर ठेवली, आणि त्यानं ती तिथून खाल्ली.

परतीला मी पुढे, पहिल्या गियरमध्ये, क्लच धरून हाताला रग लागेपर्यंत. पाखऱ्या मागे. वनितानं दावं धरलं होतं, पण धरायची गरज नव्हती. वळणावर आलो तेव्हा टोपीवाल्या आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. नामदेवला चौघांनी खाटेसकट अंगणात आणला होता. बैलानं माझ्या गाडीला मागे टाकलं आणि जाऊन त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. नामदेव नुसता त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. मग मला म्हणाला, ‘ताई, बसा. आता पोपटी खाल्ल्याशिवाय जायचं नाय.’

पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला (एक रानपाला, वासाला ओव्यासारखा), त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ. तोंड पुन्हा पाल्यानं बंद करायचं आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. सूर्य डोंगराआड जाताना शेतात जाळ पेटला. सगळं गाव वाल सोलत बसलं आणि प्रत्येकानं मला आपण डोंगराचा कुठला भाग हुडकला ते सांगितलं. आजोबा म्हणाले, ‘मी तवाच म्हणालो, बैल भ्यालेला दिसत नाय.’

‘तुमीच म्हणालात भ्याला म्हणून!’ वनिता म्हणाली.

‘त्ये आधी. नंतर म्हणालो.’

मी इतकी हसले की वालाचा दाणा घशात गेला. निघताना वनितानं पिशवीत शेंगा भरल्या आणि माझ्या भाजलेल्या बोटाला तूप लावलं. मी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, पुंगळी बसवली आणि मगच सुरू केली. पाखऱ्याला पुन्हा निघायची हुक्की यायला नको. सुलभा दारातच उभी होती. माझा अवतार बघून म्हणाली, ‘पडलीस?’ म्हटलं, पडले, उठले, जेवले.

तिसऱ्या दिवशी घाट चढून घरी आले. शिंग्रोबाला या वेळी दोन नाणी ठेवली.

खरं तर प्रवास इथे संपायचा. पण सव्वा महिन्यानं, दुपारच्या वेळी दुकानात नामदेवचा फोन आला. प्लॅस्टर निघालं होतं. काठी घेऊन चालत होता. गॅरेजमधून बुलेट आली होती, नवा कोरा सायलेन्सर घालून. ‘काल पहिल्यांदा चालवली ताई. वळणावर आलो. पाखऱ्यानं मान बी वर केली नाय. जवळ गेलो तवा वळखलं. चालायचंच.’ तो हसला, पण ते काही हसणं नव्हतं.

मी फोन ठेवला. तासभर औषधं दिली. एका बाईला चुकीची बाटली देता देता थांबले. मग अशोकला दुकानात बसवलं आणि मेकॅनिककडे गेले. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, बसायला अडचण नव्हती. तो म्हणाला, ‘ताई, हा सायलेन्सर तर तुमचा जीव की प्राण.’ म्हटलं, काढ.

पार्सलमध्ये पुंगळीही घातली आणि चिठ्ठी लिहिली: कंपनीच्या रस्त्यावर पुंगळी आत, वळणाच्या आधी बाहेर. चटका बसतो, गोणपाट जवळ ठेवा. नामदेव दोन दिवस फोनवर नको नको म्हणत होता. मग म्हणायचा थांबला.

माझी गाडी आता कंपनीच्या मूळ सायलेन्सरवर चालते. सेक्रेटरी जिन्यात भेटले की हात जोडतात. मला वाटलं होतं फार चुकल्यासारखं होईल. थोडं होतंही, खोटं कशाला बोलू. पण टाचा टेकतात, इरकलीचा काठ उन्हात चमकतो, आणि गाडी आता रस्त्याकडेच्या पाखरांचा आवाज ऐकू देते. त्यातही मन रमतं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दुकानात गर्दी होती. फोन वाजला, नामदेवचा. तो काही बोललाच नाही. फोनमधून माझा ढोल वाजला, लांबवर, वळणावर वाजावा तसा, मग जवळ, मग बंद. एक क्षण शांत. आणि मग घंटा, घाईघाईनं, धावत येणारी.

काउंटरपलीकडून एक आजी कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, ‘काय गं, सगळं ठीक ना?’

‘पोचला!’ मी म्हटलं. दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. इतक्या मोठ्यानं त्या दुकानात मी तीस वर्षांत बोलले नव्हते.